जुन्या थ्री-वे स्पीकरचे ट्विटर गेलेत: रिवाइंड करावे, डायाफ्राम बदलावा की सरळ नवे घ्यावेत?

इंदिरानगरी
८० च्या दशकातली जपानी थ्री-वे जोडी आहे. बंद डबे, ८ ओहम, ट्विटर (वरचे स्वर वाजवणारे छोटे स्पीकर) २५ मिमी कापडी डोमचे, म्हणजे पुढे फुगीर कापडी पडदा असलेले. डावा ट्विटर पूर्ण गप्प. उजवा वाजतो, पण झांजा आणि टाळ गोधडीखालून आल्यासारखे ऐकू येतात. मल्टिमीटरवर डावा ओपन (वीजमार्ग कुठेतरी तुटलेला) दाखवतो, उजवा ५.९ ओहम. एम. जी. रोडला दोन-तीन ठिकाणी विचारलं तर "८ ओहमचा कुठलाही घ्या, बसेल" एवढंच उत्तर मिळतं.
डावा ओपन आहे म्हणजे कॉइल जळालीच असं धरायचं का? रिवाइंडिंग (कॉइल नव्या तारेने भरणं) नाशकात होईल का? आणि उजव्याचं वाचन बरोबर असताना आवाज मेल्यासारखा का?

ओहमकार
ओपन म्हणजे जळालीच, असं नाही. कॉइलची बारीक तार आणि टर्मिनलकडे जाणारी लवचीक पिगटेल यांच्या सांध्यातच तुटलेलं असणं फार नेहमीचं आहे, आणि ते जोडता येतं. उजवा विजेच्या बाजूने ठणठणीत आहे, त्याचा आजार यांत्रिक दिसतो. दोन डबे, दोन वेगळे रोग. एकच औषध शोधू नका.

ट्विटर काढण्याआधी कोणत्या टॅगला कोणत्या रंगाची वायर आहे त्याचा फोटो घ्या. लाल ठिपक्याच्या टॅगला काळी वायर दिसली तर ती कोणाची तरी चूक समजून सरळ करू नका. १२ डीबी उताराच्या क्रॉसओव्हरमध्ये (खालचे-वरचे स्वर वेगळे करून त्या त्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटमध्ये) ट्विटर पुष्कळदा मुद्दामच उलटा जोडतात. तो "सरळ" केला की मिडरेंज आणि ट्विटर जिथे एकत्र वाजतात तिथे आवाजात खड्डा पडतो, आणि मग लोक कपॅसिटर बदलत बसतात.

डोमवर बाटलीचं झाकण उपडं ठेवून चिकटपट्टीने पक्कं करा, मगच स्क्रूंना हात लावा. चुंबक स्क्रूड्रायव्हर ओढून घेतं आणि टोक सरळ डोममधून आत जातं. दुरुस्तीला आलेल्या ट्विटरचा असा मृत्यू दुरुस्तीच्या टेबलावरच होतो.

मीटर २०० ओहमच्या रेंजवर ठेवा. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून जे दिसेल (बहुधा ०.२ ते ०.५) ते वजा करा. ८ ओहमचा ट्विटर साधारण ५.५ ते ६.५ दाखवतो, ४ ओहमचा ३.२ ते ३.८. आठचा असून साडेतीन-चार दाखवत असेल तर वेढे आपसात शॉर्ट झालेत. प्रोब टेकवताना कान जवळ न्या, बारीक "कुर्र" आलं पाहिजे. वाचन बरोबर आणि कुर्र नाही, तर कॉइल गॅपमध्ये (चुंबकाच्या ज्या फटीत ती हलते तिथे) अडकलीय.

नंतर उजवा ट्विटर डाव्या डब्यात लावून ऐका. तिथे तो वाजलाच नाही तर क्रॉसओव्हरचंही काम निघालं.

रविवार_कारंजा
एक भर. डब्याच्या पुढे किंवा मागे ट्रेबलची चकती असेल तर आधी ती दहा-वीस वेळा इकडून तिकडे पूर्ण फिरवा. आत वायरवाउंड पॉट (तारेच्या वेढ्यांचा, कमी-जास्त करता येणारा रोध) असतो, त्याच्या सरकत्या पट्टीवर काट चढते आणि ट्विटर मेल्यासारखा वाटतो. अमेरिकन एआर-३ए स्पीकर तर या पॉटसाठी बदनामच आहे. फिरवताना खरखरून आवाज परत आला तर दोष ट्विटरचा नाही. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तरीही तुटक येत असेल तर पॉट उघडून पट्टी घासा.

इंदिरानगरी
चकती नाहीये. उजवा डाव्या डब्यात लावून बघितला, तिथेही वाजतो, पण तसाच मंद. म्हणजे डावा क्रॉसओव्हर जिवंत आहे.
डाव्याची पुढची प्लेट काढली. डायाफ्राम (डोम आणि त्याला चिकटलेली कॉइल) तीन स्क्रूंवर होता, अलगद उचलून आला. कॉइल काळी नाही, तांब्याचा रंग तसाच आहे. एका बाजूची तार डोमच्या कडेशी संपते आणि पिगटेल मोकळी लोंबतेय. गॅपमध्ये तपकिरी, डिंकासारखं काहीतरी आहे.

ओहमकार
उत्तर तुमच्या पोस्टमध्येच आलं. डावा सांध्यात तुटलाय, आणि तो डिंक म्हणजे वाळलेलं फेरोफ्लुइड, गॅपमध्ये भरलेलं चुंबकीय तेल. उजव्यात तेच झालंय म्हणून तो मंद आहे. रिवाइंडिंगची गरज नाही.

सातपूरचा_वाइंडर
सांध्याचं काम मी सांगतो.

तार ०.१ मिमीच्या आसपास असते. ब्लेडने इनॅमल खरवडायला गेलात की तार तुटते. आधी सोल्डरचा छोटा थेंब बिटवर घेऊन, बिट गरम ठेवून, तारेचं टोक त्या थेंबात दोन सेकंद बुडवा. पॉलियुरेथेन इनॅमल असेल तर ते आपोआप वितळून टोक चकचकीत होतं. नाही झालं तर इनॅमल उच्च तापमानाचं आहे. मग १००० नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून त्यात टोक धरा आणि हलक्या हाताने ओढा, दोन-तीनदा.

तार चंदेरी दिसली तर थांबा. वर तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियम तार सोल्डर घेते, निव्वळ अ‍ॅल्युमिनियम घेत नाही. तिच्याशी झटापट करण्यापेक्षा डायाफ्राम बदललेला बरा.

टोक धरायला किमान २-३ मिमी मोकळी तार लागते. नसेल तर कॉइलचा अर्धा वेढा उलगडा. एकूण वेढे तीस-बत्तीस असतात, अर्ध्याने ऐकू येण्याजोगा फरक पडत नाही.

सांधा कुठे ठेवायचा हे खरं महत्त्वाचं. सोल्डर जिथे संपतं तिथे तार कडक होते आणि हलली की बरोबर तिथेच तुटते. म्हणून सांधा हलणाऱ्या कडेवर नको, बाहेरच्या स्थिर रिंगवर न्या. तिथून कॉइलपर्यंत तारेला छोटा सैल बाक ठेवा. ताणून जोडलेली तार काही दिवस वाजते आणि पुन्हा जाते. सांध्यावर लवचीक रबरी चिकटवाचा एक ठिपका ठेवा, फेविबॉन्ड चालतं. फेविक्विक नको. ते कडक होतं आणि त्याच्या वाफेने डोमवर पांढरा थर बसतो.

बिट बारीक टोकाची, २५ वॅट पुरे. फ्लक्स रोझिनचंच. नळजोडणीची अ‍ॅसिड पेस्ट लावली तर तार पुढच्या पावसाळ्यात हिरवी होऊन कुजेल. शेक दोन सेकंदांच्या वर देऊ नका, जवळचं कापड आणि गोंद दोन्ही सुटतात. सांध्याच्या आतल्या बाजूला चिमट्याने तार धरली तर उष्णता चिमटा खातो.

पिंपळपार
आता फेरोफ्लुइड. हे चुंबकीय कण मिसळलेलं तेल. कॉइलची उष्णता लोखंडाकडे नेणं आणि कॉइलच्या हालचालीला आवर घालणं, ही त्याची दोन कामं. वीस-तीस वर्षांत तेल घट्ट होतं, कॉइल चिखलात रुतते. ओहम बरोबर, आवाज मंद, हे त्याचं ठरलेलं लक्षण. एक वाळलं असेल तर दुसऱ्याचंही वाळलेलं असतंच, काम जोडीनेच करायचं.

डायाफ्राम उचलण्याआधी त्याच्या आणि प्लेटच्या कडेवर पेन्सिलने एक रेघ ओढा, म्हणजे परत त्याच कोनात बसेल. उचलताना सरळ वर. तिरका ओढला तर घट्ट चिखलात कॉइलचा फॉर्मर (जिच्यावर वेढे असतात ती नळी) वाकतो. जास्तच चिकटलेला वाटला तर ट्विटर तासभर कडक उन्हात ठेवा, तेल जरा सैल होतं. हीट गन मारू नका.

गॅप साफ करायला टीपकागदाच्या किंवा कॉफी फिल्टरच्या १५ मिमी रुंद पट्ट्या कापा. गॅपमध्ये घालून गोल फिरवा, काळ्या झाल्या की फेका. बहुतेक माल निघाला की पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून तेच पुन्हा. पट्टी कोरी बाहेर येईपर्यंत. कॉइलवर मात्र कापसाच्या काडीने अल्कोहोल नुसतं टेकवायचं. अ‍ॅसिटोन कॉइलजवळ आणायचंच नाही, वेढे धरून ठेवणारा गोंद विरघळतो आणि कॉइल उलगडते. पेट्रोल, थिनर, डब्ल्यूडी-४० यांची नावंही नकोत.

शेवटी मास्किंग टेप उलटी घडी करून गॅपमध्ये फिरवा. लोखंडाचा एक कण राहिला तरी घरघर येते. ज्या टेबलावर ड्रिल किंवा कानस चालते तिथे हे काम करू नका.

नवं फेरोफ्लुइड २५ मिमी डोमला साधारण ०.२ मिली लागतं. कंपनीचा आकडा मिळाला तर तोच पाळा. १ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढा, चार ठिकाणी थेंब थेंब सोडा. चुंबक स्वतःच ते गॅपभर पसरवून घेतं. जास्त झालं तर वाजताना उडून डोमच्या आतल्या बाजूला बसतं आणि डोम जड होतो. कमी पडलं तर कॉइलचा काही भाग कोरडा राहून तापतो. दोन्ही ट्विटरना सारखंच माप, नाहीतर डावं-उजवं जुळणार नाही.

इंदिरानगरी
इन्सुलिनची सिरिंज घरात आहे, ती चालेल?

पिंपळपार
चालेल, पण तिच्यावरचे आकडे मिलीचे नाहीत. आपल्याकडे ४० युनिटवाली सिरिंज सर्रास मिळते, त्यात ४० युनिट म्हणजे १ मिली. ०.२ मिली म्हणजे ८ युनिट. १०० युनिटवाली असेल तर २०. नीट वाचा, अडीचपट फरक आहे. शिवाय बऱ्याच इन्सुलिन सिरिंजची सुई पक्की बसवलेली असते, अशी असेल तर साधी १ मिलीची घ्या.

आणि ऑनलाइन खेळण्याचं, काटे उभे करून दाखवायचं फेरोफ्लुइड मिळतं ते घेऊ नका. त्याचं मूळ तेल पटकन उडणारं असतं आणि घट्टपणा वेगळा. लाउडस्पीकरसाठी म्हणून विकलेलंच हवं.

तिसरा_पट्टा
माझा बाळबोध प्रश्न: फेरोफ्लुइड सगळ्याच ट्विटरमध्ये घातलं तर उष्णता कमी होऊन सगळेच जास्त टिकतील ना?

पिंपळपार
नाही. ज्यात मुळात नव्हतं त्यात घालू नका. क्रॉसओव्हर त्या ट्विटरच्या नैसर्गिक अनुनादाला (ज्या वारंवारतेवर डोम आपोआप जास्त हलतो) धरून बेतलेला असतो. फ्लुइडने तो दबतो आणि संतुलन बिघडतं. कागदी फॉर्मर असेल तर तो तेल पितो. ६०-७० च्या दशकातल्या कागदी कोनच्या ट्विटरना तर अजिबात नको.
उलटही खरं: फ्लुइडसाठी बनवलेला ट्विटर साफ करून कोरडाच लावला तर हलक्या आवाजात चाचणीपुरता चालेल. रोजच्या वापराला नाही. उष्णता वाहून न्यायला कोणी नसतं.

सातपूरचा_वाइंडर
परत बसवताना: स्क्रू आधी सैल ठेवा. फोनवरून ५०० ते ३००० हर्ट्झ असा हळू चढणारा साइन टोन अ‍ॅम्पमधून द्या, ट्विटरवर १ व्होल्टच्या वर नाही. ६ ओहमवर १ व्होल्ट म्हणजे ०.१७ वॅट, काही बिघडत नाही. घरघर आली की डायाफ्राम केसभर सरकवा. स्वच्छ झाल्यावर स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळा आणि दर वेळी टोन ऐका. एक स्क्रू एकदम पूर्ण आवळला की दुसरी बाजू उचलते.

चुंबकाच्या प्लेट सुट्या करण्याचा मोह मात्र आवरा. पुढची प्लेट हलली तर गॅप पुन्हा मध्यावर आणायला शिम (पातळ पट्ट्या) लागतात. अल्निको चुंबक असेल तर ते सर्किटमधून बाहेर काढल्याबरोबर शक्ती गमावतं. परत जसंच्या तसं बसवलं तरी ती येत नाही, पुन्हा चुंबकित करावं लागतं.

जुना_बाजार
हे सगळं तार सांध्यात तुटली असेल तर. कॉइल खरंच कोळसा झाली असेल तर काय? रिवाइंडिंगला सगळे नाक मुरडतात, पण जुन्या ट्विटरचा डायाफ्राम मिळत नाही तेव्हा तोच मार्ग उरतो.

सातपूरचा_वाइंडर
होतं, पण हिशेब बसवून. जळालेली कॉइल फेकू नका. तिच्यावरून तारेची जाडी मायक्रोमीटरने मोजा, कॉइलची उंची आणि थर मोजा, वेढे मोजता आले तर उत्तम.

उदाहरण: २५.४ मिमी कॉइल, तार ४२ गेज एसडब्ल्यूजी, म्हणजे तांब्याचा व्यास ०.१ मिमी. अशी तार मीटरला साधारण २.२ ओहम देते. ५.८ ओहम हवे असतील तर २.६५ मीटर तार. एक वेढा जवळपास ८० मिमी. म्हणजे ३३ वेढे. दोन थरांत १७ आणि १६, इनॅमल धरून उंची २ मिमीच्या आसपास. मूळ कॉइल दीड ते दोन मिमीची असेल तर हिशेब जुळला. उंची दुप्पट येत असेल तर तारेची जाडी चुकलीय.

थर नेहमी सम हवेत: खाली जायचं आणि परत वर यायचं, म्हणजे दोन्ही टोकं डोमच्या बाजूला निघतात. फॉर्मरच्या आतल्या व्यासाची पितळी किंवा नायलॉनची कांडी लेथवर काढून घ्या, अंबडला कोणीही टर्नर करून देईल. कांडीवर आधी बेकिंगच्या बटर पेपरची एक पट्टी, तिच्यावर फॉर्मर. पट्टी नसेल तर वार्निश फॉर्मरला कांडीशी जन्माचं जोडून टाकतं. गॅपमध्ये कॉइलच्या आत-बाहेर जागा दोन दशांश मिमीसुद्धा नसते, त्यामुळे एक वेढा दुसऱ्यावर चढला की कॉइल घासणारच.

तार पंखा-मोटर भरणाऱ्यांकडे शोधू नका, त्यांचं काम जाड तारेचं. रिले आणि छोटे ट्रान्सफॉर्मर भरणाऱ्यांकडे विचारा. सातपूरला मिळाली नाही तर पंचवटी एक्सप्रेस आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड.

फॉर्मर डोमला चिकटवायला सावकाश सुकणारं अराल्डाइट, पाच मिनिटांचं नव्हे. ते घाईत पसरतं नीट नाही आणि तापलं की लवकर मऊ होतं. पूर्ण ताकदीला २४ तास द्या. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा त्याहून जास्त, किंवा ४० वॅटच्या साध्या बल्बखाली हातभर अंतरावर ठेवा.

मूळ तार अ‍ॅल्युमिनियमची असेल तर तांब्याने भरल्यावर कॉइल जड होते आणि वरचा आवाज उतरतो. अशा वेळी दोन्ही बाजू भरा, निदान जोडी तरी जुळेल.

रविवार_कारंजा
क्रॉसओव्हरबद्दल कोणी बोलत नाहीये. इंदिरानगरींच्या डब्यांत नॉनपोलर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असणार, चाळीस वर्षांचे. ट्विटर नीट करून तेच कपॅसिटर ठेवणं म्हणजे अर्धं काम. सगळे पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे फिल्म कपॅसिटर, करा.

ओहमकार
"सगळे" नको. ट्विटरच्या मालिकेतला नक्की बदला. वूफरचे मोठे कपॅसिटर एक पाय सोडवून मोजा, बरोबर असतील तर राहू द्या. पाय न सोडवता मोजलं तर कॉइल आणि रेझिस्टर मध्ये येतात, आकडा खोटा येतो.

मूल्य वाढवू नका. "४.७ ऐवजी ६.८ टाका, ट्रेबल भरभरून येईल" असा सल्ला सगळीकडे मिळतो. ८ ओहमशी ४.७ मायक्रोफॅरडची छेद-वारंवारता (जिच्या वर ट्विटर वाजू लागतो) सुमारे ४२०० हर्ट्झ, ६.८ ची २९०० च्या आसपास. म्हणजे ट्विटरकडे खालचे स्वर जास्त जातात, डोमची हालचाल वाढते, कॉइल तापते. तुम्ही आवाज वाढवत नाही, ट्विटरचं आयुष्य कमी करताय.

फिल्म कपॅसिटरचा अंतर्गत रोध जुन्या इलेक्ट्रोलिटिकपेक्षा कमी असतो, त्यामुळे काही डब्यांत वरचा आवाज थोडा टोचरा होतो. तसं वाटलं तर मालिकेत ०.२२ ते ०.४७ ओहमचा रेझिस्टर द्या. ऐकून ठरवा, आधीच टाकू नका.

रविवार_कारंजा
हे मान्य. स्वस्त सोय सांगतो: सीलिंग फॅनचा कपॅसिटर मेटलाइज्ड पॉलिप्रॉपिलीनचाच असतो, ४४० व्होल्ट एसी. २.२५, २.५, ३.१५ अशी मूल्यं कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडे मिळतात. २.५ आणि २.२५ समांतर जोडले की ४.७५. आकार मोठा, दिसायला ओबडधोबड, पण डब्याच्या आत कोण बघतंय? केबल टायने आणि सिलिकॉनने घट्ट बांधा, सुटा राहिला तर बासच्या ठोक्याला खडखडतो. विकत घेतल्यावर मीटरवर मोजून जोडी जुळवा.

तिसरा_पट्टा
मग बाजारातला "८ ओहमचा कुठलाही" का नको? मापात बसला तर?

ओहमकार
चार गोष्टी जुळल्या तर चालेल. रोध: ८ च्या जागी ४ लावला तर त्याच कपॅसिटरवर छेद दुप्पट वर, ४२०० चे ८४००, आणि मिडरेंजच्या वर भोक. अनुनाद: ट्विटरचा अनुनाद छेदाच्या निम्म्याहून खाली हवा. फ्लँजचा आणि भोकाचा व्यास: डबा कानसायला लागू नये. आणि संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीत किती जोरात वाजतो), जिच्याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. नवा ३ डीबीने जोरात असेल तर ८ ओहमसाठी मालिकेत २.२ ओहम आणि ट्विटरला समांतर १८ ओहम, दोन्ही सिमेंटचे, १० वॅट. मूळ मंद आणि नवा जोरात ही गाठ सुटते. नवा मंद असेल तर मात्र इलाज नाही. बदलायचा तर दोन्ही बाजूंचा.

लोकल बॉक्समधला पिझो ट्विटर हा या गणितात बसतच नाही. तो विजेच्या दृष्टीने कपॅसिटर आहे, ओहममीटरवर ओपनच दाखवतो. त्याला जळालेला समजून फेकू नका.

जुना_बाजार
हे सगळं करून झाल्यावर ट्विटर परत जाईल, कारण तो का गेला हे कोणी विचारलंच नाही. इंदिरानगरी, अ‍ॅम्प कितीचा?

इंदिरानगरी
२० वॅटचा जुना इंटिग्रेटेड. स्पीकरवर १०० वॅट लिहिलंय, म्हणून वाटलं होतं की सुरक्षित आहे.

जुना_बाजार
डब्यावरचे १०० वॅट हा संपूर्ण संगीताचा आकडा. त्यात वरच्या स्वरांचा वाटा थोडाच असतो, हे धरून तो लिहिलेला. ट्विटरची कॉइल एकटी सतत मोजके वॅटच सोसते.

२० वॅटचा अ‍ॅम्प तीन चतुर्थांशाच्या पुढे फिरवला की बासचे ठोके कापले जातात. लोक म्हणतात चौकोनी लहरीतली हार्मोनिक ट्विटर जाळतात. ते अर्धंच खरं. पूर्ण चौकोनी झाली तरी त्याच शिखराच्या साइनपेक्षा लहर दुप्पटच शक्ती देते, २० चे ४०. मोठं कारण असं: बास आधीच छताला टेकलेला असतो, आवाज आणखी वाढवला की वाढतो तो फक्त उरलेला वरचा भाग. ट्विटरकडे जाणारी सरासरी वाढत जाते, आणि कॉइल जळते ती सरासरीने. त्यावर लाउडनेसचं बटण आणि दोन्ही टोन नॉब टोकाला असतील तर विचारायलाच नको. लग्नाच्या हॉलमधल्या बॉक्सचे ट्विटर असेच जातात.

दुसरं, अ‍ॅम्प मुका असताना तापतोय का बघा. आउटपुटजवळ १० ओहम रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असते, त्यातला रेझिस्टर काळा पडला असेल तर अ‍ॅम्प ऐकू न येणाऱ्या वारंवारतेवर दोलतोय. ती शक्ती कपॅसिटर अडवत नाही, थेट ट्विटरला जाते. साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर हे दिसणार नाही, ऑसिलोस्कोपच हवा. डीसी ऑफसेटची काळजी ट्विटरसाठी नको, कपॅसिटर ते अडवतो. पण वूफरसाठी बघून घ्या, ५० मिलिव्होल्टच्या आत हवं.

तिसरा_पट्टा
मग ट्विटरला फ्यूज लावून मोकळं व्हावं ना?

ओहमकार
लावा, पण भरवसा ठेवू नका. १ अँपिअरचा फ्यूज १ अँपिअर तासन्‌तास वाहून नेतो. ६ ओहमवर ते ६ वॅट झाले, कॉइल तेवढ्यात भाजली जाऊ शकते. अर्धा अँपिअर, फास्ट ब्लो, म्हणजे दीड वॅट: जोरात ऐकणाऱ्यांचा तो वारंवार उडेल, पण घरात पुरेसा. फ्यूजचाही स्वतःचा थोडा रोध असतो, म्हणून दोन्ही बाजूंना एकाच मेकचा.

पिंपळपार
मॉडेलनुसार थोडं, पुढे शोधत येणाऱ्यांसाठी.

यामाहा एनएस-१०एम, १९७८ पासूनचा: ३५ मिमी कापडी डोम, छेद २ किलोहर्ट्झच्या आसपास, इतका खाली की ट्विटरवर कायम ताण. स्टुडिओत जोरात वाजवणाऱ्यांचे ट्विटर जातात ते यामुळे.

केईएफ टी२७, बीबीसीच्या एलएस३/५ए स्पीकरमधला: १९ मिमी, मेलिनेक्सचा (पॉलिस्टर फिल्मचा) पातळ डोम. त्यावर बोट टेकवू नका. कापडी डोम आत दबला तर चिकटपट्टीने हळूच बाहेर येतो, मेलिनेक्सवर सुरकुती कायम राहते. डोम कुठलाही असो, व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप लावून ओढणारे बहुधा डोमच हातात घेऊन बसतात.

यामाहा एनएस-१०००एम, १९७४: ट्विटर आणि मिडरेंज दोन्हींचे डोम बेरिलियमचे. हे घासायचे नाहीत, कापायचे नाहीत, त्यावर सोल्डरिंग करायचं नाही. बेरिलियमची धूळ फुप्फुसात गेली तर गंभीर, कायमचा आजार होतो. डोम फुटलेला असेल तर तुकड्यांवर फुंकर मारू नका, ब्रशने झाडू नका. ओल्या कागदाने उचला, पिशवीत बंद करा, आणि ते युनिट तसंच बाजूला ठेवा.

इंदिरानगरी
सांधा जोडला, डावा आता ५.७ दाखवतोय. गॅप दोन्हींचे साफ करून ठेवलेत, फेरोफ्लुइड मागवलंय. एक शंका: उजव्या डोमच्या कापडावर चिकट थर आहे, धूळ बसलीय. अल्कोहोलने पुसू का?

पिंपळपार
नको. तो चिकटपणा कंपनीने मुद्दाम दिलेल्या लेपाचा आहे. कापडाची छिद्रं बंद राहावीत आणि कंपन दबावं म्हणून. अल्कोहोलने तो निघतो किंवा डागाडागांनी पातळ होतो, मग डोममधून हवा पलीकडे जाते. चित्रकलेच्या मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा, जी निघत नाही ती राहू द्या. लेप जागोजागी उडालेलाच असेल तर डोम उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके दिसले तर सांगा, पुन्हा लेप देण्याचं वेगळं लिहितो.